चॉकलेटचा साचा आणि हिशेबाची वही

एका पिढीपूर्वी पाठशाळेतील मुलांच्या हाती प्रभावना म्हणून खडीसाखर, बत्तासे किंवा फार तर एखादा पेढा पडत असे. आज त्याच हातांत चमकदार कागदात गुंडाळलेले चॉकलेट असते. वाढदिवस, दुकानाचा मुहूर्त, तपस्येच्या अनुमोदनार्थ दिली जाणारी भेट, दिवाळीला व्यापारी मित्रांकडे पाठवायचे खोके, या सर्व ठिकाणी चॉकलेटने आपली जागा केली आहे. त्याला घराबाहेर ठेवणे आता कोणत्याही कुटुंबाला शक्य नाही. मात्र उंबरठा ओलांडून आत येणारे चॉकलेट कोणते असावे, हे ठरविण्याचा अधिकार स्वयंपाकघराकडे अजून शिल्लक आहे आणि तो सोडून देण्याचे काही कारण नाही.

चॉकलेट म्हटले की भट्टी, ओव्हन आणि कारखाना असे चित्र अनेक गृहिणींच्या डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः साच्यातील चॉकलेटला ओव्हन लागतच नाही. लागते ते एक पातेले, त्यावर बसेल असे एक वाडगे, एक कोरडा उलथना, सिलिकॉनचे दोन-तीन साचे आणि शीतकपाटातील एक रिकामा कप्पा. दुपारच्या जेवणानंतर काम हाती घेतले, तर सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी डबा भरलेला असतो.

तथापि साचा हाती घेण्यापूर्वी त्यात काय ओतले जाणार आहे, हे नीट जाणून घेणे आवश्यक आहे. कोकोच्या झाडाच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून दळल्या की जो दाट लगदा मिळतो, त्यातील स्निग्धांश म्हणजे कोको बटर. हा वेगळा काढण्याची दाबयंत्राची युक्ती हॉलंडमधील व्हॅन हौटन घराण्याने १८२८ मध्ये प्रचारात आणली. १८४७ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील फ्राय या पेढीने साच्यात ओतून घट्ट करता येईल असे खाण्याचे चॉकलेट तयार केले. तोपर्यंत चॉकलेट हे प्रामुख्याने पिण्याचे पेय होते. फ्राय हे क्वेकर पंथाचे. पुढे नावारूपाला आलेली कॅडबरी आणि राउंट्री ही घराणीही त्याच पंथाची. मद्याला पर्याय म्हणून कोको द्यावा, मापात व भावात लबाडी करू नये, असा या व्यापारी समाजाचा आग्रह असे. त्या काळी इंग्लंडच्या बाजारात कोकोमध्ये पिष्ट तर सर्रास मिसळले जाई, आणि रंगासाठी विटेची भुकटी मिसळल्याचेही तपासणीत आढळले होते. १८६६ मध्ये कॅडबरींनी भेसळविरहित कोको बाजारात आणून शुद्धतेलाच आपल्या जाहिरातीचे भांडवल केले. भेसळीविरुद्धचे कडक कायदे तेथे १८७२ आणि १८७५ मध्ये झाले. व्यापारी घरातील वाचकांना हा इतिहास परका वाटू नये.

कोको बटरचा एक विलक्षण गुण असा की ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. खोलीच्या तापमानाला कडक आणि जिभेवर ठेवताच पाणी, ही चॉकलेटची जी मोहिनी आहे, तिचे मूळ यात आहे. परंतु हेच कोको बटर हाताळायला हट्टी असते. ते निरनिराळ्या सहा स्वरूपांत गोठू शकते आणि त्यांपैकी एकाच स्वरूपात हवी ती चकाकी व कुरकुरीत तुकडा मिळतो. त्यासाठी गडद चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत निववून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे लागते. या क्रियेला टेंपरिंग म्हणतात. घरी तिची सोपी रीत अशी: दोन भाग चॉकलेट वितळवावे, खाली उतरवावे आणि तिसरा भाग बारीक चिरून थोडाथोडा त्यात मिसळत ढवळावे. तापमापी जवळ असली तर उत्तम. ती नसताना हे साधणे सरावाचे काम आहे.

बाजारात ‘कंपाउंड’ या नावाने मिळणाऱ्या लाद्यांना ही कटकट नाही. त्यांत कोको बटरऐवजी पाम कर्नेलसारख्या वनस्पतिजन्य तेलाचे घट्ट केलेले रूप आणि कोको पावडर असते. वितळवावे, ओतावे, गोठवावे, संपले. म्हणूनच ‘घरगुती चॉकलेट’ या नावाखाली मिळणारा बराचसा माल कंपाउंडचा असतो. त्यात गैर काही नाही. मुलांना ते आवडते, नवशिक्या हातालाही ते साधते. मात्र ते कंपाउंड आहे हे ठाऊक असावे आणि विकायचे झाल्यास सांगितले जावे. या मुद्द्याकडे पुढे वळावे लागेल.

आता कृती. गडद आणि दुधाळ अशा दोन लाद्या प्रत्येकी २०० ग्रॅम घ्याव्यात. केवळ दुधाळ लादीचे चॉकलेट अतिगोड होते, केवळ गडद लादीचे मुलांना कडू लागते. निम्मे-निम्मे मिश्रण बहुतेक घरांना मानवते. सुरीने बारीक चिरावे, कारण मोठे तुकडे असमान वितळतात आणि कडेचा भाग करपतो. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून आच बंद करावी आणि वर वाडगे ठेवावे. वाडग्याचे बूड पाण्याला टेकता कामा नये. वाफेच्या उबेवर चॉकलेट आपोआप मऊ होते. निम्मे वितळले की ढवळायला आरंभ करावा.

या सर्व कामात एकच शत्रू आहे, तो म्हणजे पाणी. वाडग्याला लागलेला ओलावा, उलथन्यावरचा थेंब, झाकणावरून ओघळलेली वाफ यांपैकी काहीही आत गेले की वितळलेले चॉकलेट क्षणात रवाळ गोळा होऊन बसते. चॉकलेटमधील साखरेचे कोरडे कण त्या थेंबाने ओले होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून असे घडते. गंमत अशी की एक थेंब बिघाड करतो आणि वाटीभर द्रव काम साधतो. १०० मिलिलिटर साय किंवा क्रीम उकळी येईपर्यंत तापवून २०० ग्रॅम गडद चॉकलेटवर ओतले, तर मऊ, लुसलुशीत गनाश तयार होते. त्याच्या गोळ्या वळून कोको पावडरमध्ये घोळवल्या की ट्रफल होतात. म्हणून बिघडलेले चॉकलेट टाकून देऊ नये. त्यात गरम दूध पुरेसे घालून आइस्क्रीमवर ओतण्याचा रस करावा. परदेशी कृतींत गनाशला चकाकी यावी म्हणून लोणी सांगितलेले असते. लोणी वर्ज्य असणाऱ्या घरांनी चमचाभर साजूक तूप घालावे. चव उलट खुलते.

वितळलेले मिश्रण साच्यात ओतल्यावर साचा ओट्यावर हलकेच आपटावा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. हे न केल्यास चॉकलेटच्या पाठीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. नंतर साचा दहा-पंधरा मिनिटे शीतकपाटाच्या खालच्या भागात ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. साच्यापासून चॉकलेट आपसूक सुटू लागले की ते तयार झाले असे समजावे. नखाने उकरून काढण्याची घाई केली की ठसा उमटतो आणि चकाकी जाते.

आत काय भरावे, यात प्रत्येक घराची कल्पकता दिसते. भाजलेले बदाम-काजू हा सरधोपट मार्ग झाला. खजूर अधिक चांगला: २५० ग्रॅम बिया काढलेला खजूर चमचाभर तुपात मंद आचेवर परतून मऊ करावा, त्यात १०० ग्रॅम भाजलेल्या सुक्या मेव्याची भरड घालावी, सुपारीएवढ्या गोळ्या वळून थंड कराव्यात आणि काट्यावर धरून चॉकलेटात बुडवून काढाव्यात. वेगळी साखर लागत नाही. सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस आणि कंडेन्स्ड मिल्क यांचे सारणही मुलांच्या पसंतीला उतरते. सर्वांत स्वस्त आणि अनेकांच्या मते सर्वांत रुचकर प्रकार मात्र चुरमुऱ्यांचा. सांगली-जयसिंगपूरकडील घरांत चुरमुरे नसतात असे होत नाही. ते मंद आचेवर कोरडे, कडकडीत भाजून पूर्ण निवू द्यावेत आणि वितळलेल्या चॉकलेटात घालून चमच्याने ताटावर लहान लहान ढीग करावेत. साच्याचीही गरज नाही. शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा याच रीतीने वापरता येतो.

अंजीर मात्र या यादीत नाही. बाजारातील सुक्या मेव्याच्या चॉकलेटांत ते हमखास असते आणि उदुंबर फळांचा त्याग असणाऱ्या घरांत नकळत येऊन पोहोचते. मधाचेही तसेच. व्हॅनिलाच्या नैसर्गिक अर्कात द्रावक म्हणून सामान्यतः अल्कोहोल असते. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी वेलची, केशर किंवा जायफळ वापरावे. संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची पूडही गडद चॉकलेटला फार शोभते. वर्खाचा मोह टाळलेला बरा, कारण तो परंपरेने जनावरांच्या कातड्याच्या थरांमध्ये ठोकून केला जात असे; यंत्रावर केलेला वर्ख मिळाल्याची खात्री असेल तरच तो लावावा. रंग घालायचे तर तेलात विरघळणारे घ्यावेत, पाण्यात कालवलेला रंग चॉकलेट बिघडवितो. कोकोच्या बिया आंबवल्या जातात, एवढ्यावरून कोकोच वर्ज्य मानणारेही काही असतील. तो निर्णय ज्याच्या त्याच्या नियमाप्रमाणे आणि गुरूंच्या मार्गदर्शनाने व्हावा.

येथे वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. हिरवा ठिपका दिसला की आपली सर्व घरे निर्धास्त होतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार प्राण्याचा, पक्ष्याचा, कीटकाचा कोणताही अंश किंवा अंडे असलेला पदार्थ मांसाहारी ठरतो आणि त्यावर तपकिरी त्रिकोण छापावा लागतो. परंतु त्याच व्याख्येतून दूध व दुग्धजन्य पदार्थांबरोबर मध, मेणमाश्यांचे मेण आणि शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ यांनाही वगळलेले आहे. म्हणजे मध असलेल्या, किंवा वरून शेलॅकची चकाकी दिलेल्या गोळीवरही कायद्याने हिरवा ठिपकाच असतो. रंगीत कवचाच्या चकचकीत गोळ्यांवर ही झिलई असू शकते. घटकांच्या यादीत ९०४ हा क्रमांक शेलॅकचा आणि ९०१ मेणमाश्यांच्या मेणाचा. कायदा सर्व देशासाठी असतो, तो एका समाजाच्या आहारनियमांना पुरा पडेल ही अपेक्षा चुकीची आहे. मात्र त्याचा अर्थ असा की यादी वाचण्याचे काम ग्राहकाला स्वतःच करावे लागते.

उलट काही क्रमांकांची निष्कारण भीती पसरलेली आहे. चॉकलेटच्या वेष्टनावर नेहमी दिसणारा ४७६ हा पायसकारक एरंडेल तेल आणि ग्लिसरॉल यांपासून बनतो. ३२२ म्हणजे लेसिथिन, जे बहुधा सोयाबीन किंवा सूर्यफुलाचे असते. ४७१ वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य दोन्ही असू शकतो. मात्र प्राणिजन्य असल्यास भारतीय वेष्टनावर हिरवा ठिपका छापता येत नाही. खरा धोका आहे तो दुबई-सिंगापूरहून नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या डब्यांत. त्यांवर ना ठिपका ना त्रिकोण. मऊ मार्शमॅलोत जिलेटिन, लाल रंगात १२० क्रमांकाचे, कीटकांपासून काढलेले कार्माइन, काही गोळ्यांच्या पोटात चक्क मद्य. डबा घरात फोडण्यापूर्वी चष्मा लावून पाच मिनिटे खर्च करावीत, पाहुण्यांना त्यात राग येण्यासारखे काही नाही.

साठवणीबाबत एक गैरसमज दूर करावयास हवा. आठ-पंधरा दिवसांनी चॉकलेटवर पांढुरकी पुटे दिसली की बुरशी आली असे समजून ते फेकले जाते. बहुधा ती बुरशी नसते. उष्णतेने स्निग्धांश वर येऊन गोठला किंवा शीतकपाटातून काढल्यावर पृष्ठभागावर दव जमून साखर वर आली, तर अशी पुटे येतात. चव उणावते, अपाय होत नाही. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, १८ ते २२ अंशांच्या थंड कोरड्या जागी चॉकलेट ठेवावे. गनाश, साय किंवा दुधाचे सारण असलेले प्रकार मात्र वेगळे. ते शीतकपाटात ठेवून चार-पाच दिवसांत संपवावेत आणि विक्रीच्या फंदात पाडू नयेत. मिठाईची काळमर्यादा हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानणारी घरे कोरड्या चॉकलेटांनाही तीच लावतात. झाकणावर तारीख लिहून चिकटविली की वाद उरत नाही.

गेल्या काही वर्षांत अनेक सुनांनी व मुलींनी घरबसल्या चॉकलेट करून विकण्यास आरंभ केला आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांतील फार थोड्यांच्या वहीत खरा नफा लिहिलेला असतो. रीत समजावी म्हणून काही आकडे धरू. एक किलो कंपाउंड ४०० रुपये, २०० ग्रॅम बदाम १६० रुपये, गॅस व वीज ३० रुपये, गुंडाळण्याचे कागद ६० रुपये. १२०० ग्रॅम मिश्रणातून १० ग्रॅमचे १२० नग निघतात. सहा नग मोडतात किंवा डागाळतात. उरलेल्या ११४ मधून १२ नगांची ९ खोकी भरतात आणि सहा नग उरतात, ते घरातलीच मंडळी फस्त करतात. खोक्यांचा खर्च २२५ रुपये. एकूण ८७५ रुपये. प्रत्येक खोके १५० रुपयांना गेले तर हाती १३५० येतात आणि ४७५ रुपये सुटल्याचा आनंद होतो.

आता यातून पाच तासांच्या श्रमाचे, तासाला ६० रुपये या मामुली दराने ३०० रुपये वजा करावेत. १५०० रुपयांचे साचे पन्नास खेपा टिकतील असे धरून खेपेमागे ३० रुपये झीज वजा करावी. उरले १४५ रुपये, म्हणजे खोक्यामागे सुमारे १६. हा व्यवसायाचा नफा. आधीचे ३०० रुपये हे मजुरीचे होते. दुकानातील नोकराचा पगार खर्चात लिहिणाऱ्या घरांत सुनेचे श्रम मात्र फुकट धरले जातात, ही जमाखर्चाच्या शास्त्राला न शोभणारी गोष्ट आहे. या उलाढालीसाठी तिच्या नावाचे स्वतंत्र बचत खाते असावे आणि कच्च्या मालाचे पैसे त्यातूनच जावेत. घरखर्चाच्या पाकिटात हात घातला की हिशेब तेथेच संपला.

याच गणितात आता कंपाउंडच्या जागी खरे कोको बटर असलेले चॉकलेट घ्यावे आणि त्याचा दर किलोला १००० रुपये धरावा. सामग्रीचा खर्च १४७५ रुपयांवर जातो, मजुरी व झीज मिळवून खोक्याची किंमत २०० रुपयांच्या आसपास पडते. १५० रुपयांत विकणे म्हणजे निव्वळ तोटा. २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांतील पीक घटल्याने कोकोचा जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. जगातील निम्म्याहून अधिक कोको त्या दोन देशांतून येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा दिलासा मिळाला असला तरी दोन प्रकारच्या मालांतील किमतीची दरी बुजलेली नाही. आणि याच दरीत मोह दडलेला असतो: लादी कंपाउंडची, खोक्यावर नाव ‘शुद्ध चॉकलेट’.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा एक आहे. अस्सल म्हणून नकली माल देणे, असा त्याचा सरळ अर्थ. धान्यात खडे आणि तुपात वनस्पती मिसळण्याच्या संदर्भात हा शब्द प्रवचनांतून अनेकदा ऐकू येतो. स्वयंपाकघरातील नऊ खोक्यांच्या व्यवसायाला तो लागू आहे असे कोणाच्या मनात येत नाही. विकणारीचा हेतू फसविण्याचा नसतो. तिला लादी विकणाऱ्याने ‘चॉकलेट’ म्हणून दिलेली असते आणि ती तेच नाव पुढे चालविते. परंतु घेणारा ग्राहक किंमत मोजतो ती नावाची.

यावर उपाय खर्चिक नाही. खोक्याच्या आत एक चिठ्ठी असावी: कोको कंपाउंड, दूध पावडर, बदाम, अंजीर, मध, जिलेटिन नाही, तयार केल्याचा दिनांक, वजन. चॉकलेट कंपाउंडचे आहे असे लिहिल्याने ग्राहक पळतात, ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. मध-अंजीर नसल्याची लेखी हमी मिळते म्हणून उलट आपल्या समाजातील ग्राहक पुन्हा येतात. प्रभावनेसाठी शंभर-दोनशे नगांची मागणी अशाच घरांकडे वळते. विक्री करायची तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक आहे, व्यवसाय कितीही लहान असला तरी. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापावा लागतो.

उधारीविषयी मात्र कठोर असावे. परक्या ग्राहकाचे पैसे येतात. मावसबहीण आणि नणंदेची जाऊ यांच्याकडे मागायला संकोच होतो आणि दिवाळीची रक्कम फाल्गुनात निघते. निम्मी रक्कम मागणी नोंदवतानाच घ्यावी आणि हा नियम पहिल्या वर्षापासून सर्वांना सारखा लावावा.

हंगामही ओळखावा. जळगाव, अकोला, सोलापूर या भागांत चैत्र लागताच पारा चाळिशीकडे झुकतो आणि पार्सलात पाठविलेले चॉकलेट पोहोचेपर्यंत लगदा होते. नवरात्रापासून होळीपर्यंतचे पाच महिने हा या कामाचा खरा काळ. उन्हाळ्यात मागणी स्वीकारू नये, हातोहात द्यायचे असेल तेवढेच करावे. दिवाळीसाठी साचे आणि खोकी मात्र भाद्रपद संपण्यापूर्वीच आणून ठेवावीत, कारण धनत्रयोदशीच्या आठवड्यात हवा तो आकार मिळत नाही आणि मिळेल त्या खोक्यात बारा नग बसत नाहीत.